दातांनी ऐकणारे मिस्त्रीमामा

मिस्त्रीमामा गाणं दातांनी ऐकत. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. लग्न होऊन मी दौंडला आले तेव्हा पहिल्यांदा ते पाहून मीही पदर तोंडाला लावून हसले होते. संध्याकाळी कामावरून आले की मामा हात-तोंड धुऊन ओट्यावर बसायचे. शेजारी त्यांच्या पत्नी एस्तेरबाई मांडीवर गिटार घेऊन बसायच्या. त्यांनी तारेवर बोट ठेवलं की मामा पुढं वाकायचे, गिटारीच्या लाकडी काठावर वरचे दात टेकवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. गाणं संपेपर्यंत एवढा मोठा, दणकट माणूस तसाच वाकलेला राहायचा.

आम्ही रेल्वेच्या चाळीत राहत होतो. आमचे हे पार्सल ऑफिसात होते. आमच्या आणि मामांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती, तीही अशी की पलीकडं पातेलं ठेवलं तर अलीकडं कळावं. मामा मूळचे मांडवगण फराट्याचे. लहानपणीच त्यांना शिरूरच्या मिशनच्या बोर्डिंगात ठेवलं होतं. तिथं ते सुतारकाम शिकले, तिथंच मुलींच्या बोर्डिंगातल्या एस्तेरबाईंशी त्यांचं लग्न झालं आणि मग दोघं दौंडला आली. रेल्वेत आधी त्यांना लोको शेडमध्ये बॉयलरवर घातलं होतं. दिवसभर लोखंडावर घण पडायचे. त्या ठोकाठोकीत हळूहळू त्यांचे कान गेले. पुढं साहेबांनी त्यांना डब्यांच्या सुतारकामावर बदललं, पण तोवर उशीर झाला होता. हवेतून आलेला आवाज त्यांना पोचत नसे. हाडातून आलेला मात्र थोडा पोचायचा. हा शोध एस्तेरबाईंचा. "एकदा दात लावून बघा," असं त्याच म्हणाल्या होत्या.

बोलणाऱ्याच्या ओठांवरून मामांना सगळं कळे. स्वतःचा आवाज मात्र त्यांना कळत नसे. गुपित सांगायला लागले तरी अख्ख्या चाळीला ऐकू जाई. मी नवीन असताना एकदा वाटीभर आमटी त्यांच्याकडं नेऊन दिली. मी परत खोलीत येते तोवर भिंतीपलीकडून मामांचा, त्यांच्या मते अगदी हळू असलेला आवाज आला, "आमटी पानचट हाय, पर पोरगी गुणाची हाय." एस्तेरबाई त्यांना गप्प करत होत्या, पण त्यांना ते दिसत नसावं, कारण पाठोपाठ आलं, "मीठबी इसरलीय." दुसऱ्या दिवशी एस्तेरबाई माझ्याकडं आल्या, खाली बसल्या आणि माझ्याबरोबर आमटीला फोडणी देऊ लागल्या. आमच्या मैत्रीची सुरुवात ती.

मामा कशालाही खिळा मारत नसत. आमच्या टेबलाचा पाय डुगडुगायला लागला तेव्हा यांनी खिळा आणि हातोडी काढून ठेवली होती. मामांनी दोन्ही बाजूला सारली. "साहेब, खिळा मारणं म्हंजी नवरा-बायकूचं भांडण मिटवायला पोलीस बोलावणं," ते म्हणाले. "पोलीस आत येतो, पर सांधा न्हाई जुळत." मग पाय सोडवून त्यांनी जुनं सगळं खरवडून काढलं, बाभळीची बारीक ढलपी आत बसवली आणि सरस लावून तो दोरीनं आवळला. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा डिंक. तो रात्रभर भिजवायचा आणि सकाळी गरम पाण्यात डबा ठेवून पातळ करायचा. त्याचा वास चाळभर पसरला की बायका नाकाला पदर लावत आणि म्हणत, "मिस्त्रींचा स्वयंपाक लागला." ते टेबल आजही माझ्या धाकट्या मुलाकडं आहे.

एस्तेरबाईंची गिटार बोर्डिंगच्या गोऱ्या मडमबाईंनी विलायतेला परत जाताना दिलेली होती आणि मडमबाईंकडं ती त्यांच्या आईकडून आली होती. म्हणजे मी पाहिली तेव्हाच ती आमच्या सगळ्यांहून म्हातारी होती. आकारानं लहान, रंग जुन्या गुळासारखा. एस्तेरबाईंची बोटं जिथं सतत पडत तिथलं लाकूड फिकं झालं होतं. आमच्या माहेरी पेटी होती, तबला होता. गिटार मी फक्त रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये साहेबांचे नाच व्हायचे तेव्हा लांबून ऐकली होती आणि ते साहेबलोकांचं वाद्य असं धरून चालले होते. एस्तेरबाई त्यावर मराठी भजनं वाजवत. अगदी साधं वाजवत, सावकाश. कुठं घाई नसे. मला त्यांनी एवढंच शिकवलं होतं, सहाही तारा एकेक करून स्वच्छ कशा छेडायच्या. "पुढचं नंतर," त्या म्हणायच्या.

ते नंतर आलं नाही. त्यांच्या पोटात गाठ निघाली. मिशनच्या दवाखान्यात नेलं, परत आणलं. परत आणलं तेव्हाच चाळीला समजलं होतं. शेवटच्या दिवसांत त्यांना बसवत नव्हतं. मामा गिटार त्यांच्या अंगावर आडवी ठेवत, त्या एखादी तार छेडत आणि मामा कॉटशेजारी गुडघे टेकून काठाला दात लावत. गाणं असं काही नसे. एक तार, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा तीच तार. मी पेज घेऊन दारात यायची आणि तशीच मागं फिरायची.

एकदा मी पेज भरवत असताना एस्तेरबाई मामांकडं तोंड करून म्हणाल्या, "ही भिंतीवर टांगून ठेवू नका. शिरूरला बोर्डिंगातल्या मुलींना द्या. वाजत राहिली तर टिकेल." मामांनी त्यांचे ओठ नीट वाचले आणि होकाराची मान हलवली. ऐन थंडीत त्या गेल्या. त्यांना शिरूरलाच नेलं, तिथल्या मिशनच्या दफनभूमीत.

मामांनी गिटार भिंतीवर टांगली. देणार होतेच ते, पण आज-उद्या करत राहिले. आधी नाताळनंतर म्हणाले, मग इस्टर झाल्यावर. कॉटवर पडलं की समोर दिसेल अशी त्यांनी ती खुंटीला अडकवली होती. चाळीत त्यांना कुणी त्याबद्दल विचारलं नाही.

त्या वर्षी दौंडचा उन्हाळा फार कोरडा होता. दुपारी रुळांवरून येणारं वारं भट्टीतून आल्यासारखं यायचं. अशाच एका दुपारी मी फरशीवर आडवी झाले होते आणि भिंतीपलीकडं फट् असा आवाज झाला. वाळलेली काटकी मोडावी तसा. थोड्या वेळानं आणखी एक झाला, बारीक. पलीकडं कुणी नव्हतं. मामा कामावर होते. मी उठून बसले. काय मोडलं असेल ते मला लगेच कळलं, पण कुलूपबंद दारापुढं मी काय करणार होते?

संध्याकाळी मी गेले तेव्हा मामा गिटारीकडं पाठ करून भाकरी खात होते. त्यांना काही माहीत नव्हतं. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि बोटानं दाखवलं. घोडीपासून, म्हणजे तारा जिथं बांधलेल्या असतात त्या पट्टीपासून, खालच्या कडेपर्यंत पोटाला भेग गेली होती. मान जिथं अंगाला मिळते तो सांधाही सुटला होता, त्यात नख जाईल इतका. मामांनी भाकरी ताटात ठेवली.

"कवा झालं?"

"दुपारी. मी आवाज ऐकला."

"कसा व्हता आवाज?"

मी सांगितलं. वाळकी काटकी मोडावी तसा, असं म्हटलं. त्यांनी ते माझ्या ओठांवरून दोनदा वाचून घेतलं. मग उठले, हात धुतले, गिटार खाली काढली आणि सगळ्या तारा सैल केल्या. "तिनं टांगू नका म्हणून सांगितलं व्हतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ही भेग लाखेनं बुजवता येणार नाही का, असं मी विचारलं. मामांनी नकाराची मान हलवली. "भेग बुजवायची नसती ताई, मिटवायची असती. लाकूड तहानलंय. आधी पानी पिऊ द्या त्याला." त्यांनी गिटार पाण्याच्या माठाशेजारी गोणपाटावर निजवली आणि पोटातल्या गोल भोकातून ओल्या कापडाची पुरचुंडी आत सोडली, लाकडाला टेकणार नाही अशी. रोज सकाळी कामाला जाण्याआधी कापड बदलत. दुपारी ते कापड ओलं आहे का बघायचं काम माझ्याकडं आलं, किल्लीही माझ्याकडं आली. पोराला ताप असावा तशी आम्ही दोघं तिची राखण करत होतो. भेग इतक्या हळू जवळ येत होती की रोज बघणाऱ्याला ती तेवढीच दिसायची. मी तसं म्हणाले की ते म्हणत, "लाकडाला घाई कळत न्हाई."

भेगेच्या कडा जवळ आल्यावर त्यांनी एका रविवारी सकाळी सरस गरम केला. भेगेवर तो सोडून ते अंगठ्यानं लाकूड हळूहळू दाबत आणि सोडत होते, म्हणजे सरस आपोआप आत ओढला जाईल. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांनी सगळी गिटार आवळून बांधली. एवढं झाल्यावर आतून भेगेवर लाकडाच्या बारीक चिपा आडव्या चिकटवायच्या होत्या, भेग पुन्हा उघडू नये म्हणून. तिथं काम अडलं. मामांचा हात त्या भोकातून जात नव्हता. पंजा फार मोठा होता. त्यांनी एकदा प्रयत्न केला, मग माझ्या हाताकडं पाहिलं.

मी बांगड्यांना हात घातला तसे ते म्हणाले, "काढू नका. वर सरकवा आन् फडकं बांधा." मी बांगड्या कोपरापर्यंत चढवून रुमालानं बांधल्या आणि हात आत घातला. चिपेला सरस लावून मामा ती माझ्या दोन बोटांत देत, बाहेरून बोट टेकवून जागा दाखवत आणि मी आतून दाबून धरत असे. एक चीप लावून झाल्यावर बोटं बाजूला सरकली, तर तिथं आणखी चिपा हाताला लागल्या. जुन्या, कडक झालेल्या. मी मामांकडं पाहिलं. त्यांना माझ्या चेहऱ्यावरून समजलं.

"लागल्या व्हय हाताला?" ते म्हणाले. "मागं एकदा अशीच फाटली व्हती. तवा तिनं लावल्या. माझा हात तवाबी जात नव्हता." मग म्हणाले, "त्यातली एक वाकडी हाय."

होती. मी तिच्यावर बोट फिरवलं. एस्तेरबाईंच्या हाताखाली ती जराशी तिरकी बसली होती आणि तशीच घट्ट राहिली होती. मला बराच वेळ हात बाहेर काढावासा वाटला नाही. मामाही काढा म्हणाले नाहीत.

मानेचं काम आणखी नाजूक होतं. अर्धवट सुटलेला सांधा तसाच चिकटवून चालणार नव्हता, तो पुरता सोडवावा लागणार होता. मामांनी चहाच्या किटलीच्या तोटीतून निघणारी वाफ सांध्यावर धरली आणि पातळ सुरी घालून तो बोटभर बोटभर मोकळा केला. मान अंगापासून वेगळी झाली तेव्हा मला बघवेना. ते मात्र शांत होते. जुना सरस त्यांनी कोमट पाण्यानं पुसून काढला, कागदाइतकी पातळ ढलपी तासून खाचेत बसवली, बसते का बघितली, काढली, पुन्हा तासली. संध्याकाळमागून संध्याकाळ हेच चाललं होतं. शेवटी सांधा कोरडाच इतका घट्ट बसला की गिटार मानेला धरून उचलली तरी निसटेना. मग त्यांनी सरस लावला.

तारा चढवल्यावर खरी अडचण आली. काम झालं की नाही हे ऐकून ठरवायचं होतं आणि ऐकणारी मी एकटी. "ताई, एकेक तार छेडा," ते म्हणाले. "आत काय सुटं असलं तर भिणभिण यील. माशीवानी. माझ्याकडं बघू नका, तारंकडं ध्यान द्या." मी छेडली. पाच तारा स्वच्छ वाजल्या. सर्वांत जाड तारेला मात्र मागून बारीक भिणभिण येत होती. मामा माझ्या तोंडाकडं बघत होते. इतक्या दिवसांचं काम, त्यांच्या डोळ्यांखाली पडलेली काळी वर्तुळं, सगळं माझ्यासमोर होतं. मी म्हणाले, "एकीत येतेय, मामा."

"सांगितलंत ते बेस केलं," ते म्हणाले आणि तारा उतरवू लागले. आतली एक आधारपट्टी टोकाला सुटली होती. पुन्हा सरस, पुन्हा माझा हात आत, पुन्हा ट्यूबच्या पट्ट्या. पुढच्या खेपेला सहाही तारा निर्मळ वाजल्या. एस्तेरबाई असताना वाजायच्या तशाच. मी मामांकडं वळून नीट ओठ हलवत म्हणाले, "आता काही नाही. अगदी स्वच्छ आहे."

त्यांचा चेहरा इतका उजळला की मला त्यांचं तरुणपण कसं असेल ते दिसलं. त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, पुढं वाकले, गिटारीच्या काठावर दात टेकवले आणि डोळे मिटले. एस्तेरबाई गेल्यापासून पहिल्यांदाच. मी वरून खाली सगळ्या तारा एकेक करून छेडल्या आणि थांबले.

मामा तसेच वाकलेले होते. थोड्या वेळानं दात न उचलता, डोळे न उघडता म्हणाले, "वाजवा की ताई."

मी पुन्हा वाजवलं, जरा जोरात. त्यांनी दात थोडे बाजूला सरकवले. मग कपाळ टेकवलं. मग कानामागचं हाड. "लाजू नका, जोरात वाजवा," ते म्हणाले. मी जाड तार अशी ओढली की बोटाला वळ आला. तेव्हा त्यांनी डोळे उघडले. तार अजून थरथरत होती, ती त्यांना दिसली. थरथर थांबेपर्यंत ते तिच्याकडं बघत राहिले.

"वाजतीय व्हय?" त्यांनी विचारलं.

"वाजतेय."

"चांगली?"

"चांगली, मामा."

"मग झालं तर," ते म्हणाले. हाडातला तो उरलासुरला आवाजही मधल्या महिन्यांत कधीतरी निघून गेला होता. कुणी वाजवलंच नव्हतं, त्यामुळं त्यांना ते कळलं नव्हतं. त्यांनी गिटार माझ्या मांडीवरून उचलली, मऊ फडक्यानं पुसली आणि जुन्या चादरीत बांधायला घेतली. गाठ मारता मारता म्हणाले, "दुसऱ्यांनीच ऐकायची व्हती ही. मला काय करायचंय." घरी येऊन मी यांना सांगितलं. हे उठले आणि मामांच्या ओट्यावर जाऊन बसले. दोघं अंधार पडेपर्यंत नुसते बसून होते.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं एस. टी. नं शिरूरला गेलो. मामांनी सगळा प्रवास गिटार मांडीवर घेऊन केला, खड्डा आला की ती उचलून धरत. बोर्डिंगच्या बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली. मामांनी आपल्या मोठ्या आवाजात त्यांना बजावलं, "भिंतीला टांगायची न्हाई. उन्हाळ्यात शेजारी पान्याचं भांडं ठिवायचं. आन् पेटीत घालून ठिवू नका, पोरींच्या हातात राहू द्या." सगळ्या मुली त्यांच्याकडं बघत होत्या. एकीनं तिथंच तारेला बोट लावलं. मामांनी तोंड फिरवलं आणि ते दफनभूमीकडं चालू लागले. आम्ही फाटकाशी थांबलो.

निवृत्त झाल्यावर मामा शिरूरला बहिणीकडं राहायला गेले. मिशनच्या आवारातल्या खुर्च्या-बाकं दुरुस्त करत असत, असं कळायचं. आमचीही बदली होणार होती. त्याआधी भेटून यावं म्हणून मी एका रविवारी एकटीच गेले. मामा देवळात होते. आयुष्यात पहिल्यांदा मी चर्चमध्ये बसले, त्यांच्या शेजारी, शेवटच्या बाकावर. पुढं दोन वेण्या घातलेली एक मुलगी तीच गिटार वाजवत होती आणि बाकीच्या गात होत्या. मामा टक लावून तिच्या बोटांकडं बघत होते. चेहरा थकला होता, दाढीचे खुंट पांढरे झाले होते. मध्येच ते माझ्याकडं झुकले आणि त्यांच्या मते अगदी कुजबुजत म्हणाले, "शेवटच्या वळीला घाई करती पोरगी." सगळं देऊळ वळून बघायला लागलं. ती मुलगीही लाजून हसली. आणि खरंच, पुढच्या कडव्याला तिनं शेवटची ओळ सावकाश घेतली. मामांनी तिची बोटं पाहून मान डोलावली.

जेवण झाल्यावर ते मला स्टँडवर सोडायला आले. यांची, मुलांची चौकशी केली. नव्या गावाला पाणी कसं आहे ते विचारलं. मला एस्तेरबाईंबद्दल काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात गाडी लागली आणि मी गर्दीतून आत जाऊन खिडकीशी बसले. मामा खिडकीखाली उभे होते. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. ती जुनी गाडी सगळी खडखडायला लागली, आणि नेमकं तेव्हाच मामा वर बघून काहीतरी सांगू लागले. बरंच काही सांगत होते. मधे एकदा त्यांनी हातानं कुठंतरी लांब दाखवलं. मला एक शब्द ऐकू येत नव्हता आणि ओठांवरून वाचायला मला येत नव्हतं. मी हात हलवून कळत नाही असं खुणावत होते, तोवर गाडी हलली. ते दोन पावलं बरोबर चालले, बोलतच होते, आणि मग धुरळ्यात मागं राहिले.

पावसाळ्यानंतर ते गेल्याचा निरोप आला. त्यांना एस्तेरबाईंच्या शेजारीच ठेवलं आहे. त्या दिवशी खिडकीखाली ते काय सांगत होते, हे मला आजवर कळलेलं नाही.